खिशातले हात

समोरून येणाऱ्या पांढऱ्या मोटरहोमच्या चालकाने हात हलवला आणि वरच्या बाईंनी कचकन ब्रेक मारला. मागच्या कपाटाचं दार उघडलं, बटाट्यांची पिशवी खाली आली आणि बटाटे घरंगळत पार पुढच्या सीटपर्यंत पोचले. त्यातला एक खालच्यांच्या बुटाला येऊन टेकला. खालच्यांनी बटाट्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि बटाटा पायानेच बाजूला सारला. त्यांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

सकाळपासून हे असंच चाललं होतं. मोटरहोमवाल्यांची, म्हणजे चाकांवर घर घेऊन फिरणाऱ्यांची, म्हणे एक रीत असते. रस्त्यात आपल्यासारखंच दुसरं बिऱ्हाड भेटलं की हात हलवायचा. ओळख ना पाळख, पण तेवढंच बरं वाटतं. ही रीत बाईंना कुणी सांगितली नव्हती, आणि त्यांना जी रीत ठाऊक होती ती नेमकी उलटी होती. बाईंनी सगळी नोकरी बंदरात क्रेन चालवण्यात काढली होती. तिथे सपाट पंजा आडवा हलला की त्याचा अर्थ एकच: थांब. बाकीचे इशारे नेमून दिलेल्या एकाच माणसाचे घ्यायचे, पण 'थांब' हा इशारा कुणीही दिला तरी पाळायचा. मुकादमाने दिला, झाडूवाल्याने दिला, वाट चुकून आत आलेल्या पाहुण्याने दिला, तरी थांबायचं. नाही थांबलं तर खाली कुणाची तरी कवटी फुटते. एवढं रक्तात मुरलेलं निवृत्त झाल्यावर अंगातून जातं थोडंच. त्यामुळे समोरचा बिचारा प्रेमाने हात हलवी आणि इकडे बाईंचा पाय ब्रेकवर आदळे. मागून येणारे भोंगे वाजवत, आणि बाई खिडकीतून डोकं काढून त्यांना सांगत की त्या समोरच्याला जाऊन विचारा.

आता 'वरच्या बाई' आणि 'खालचे' ही काही आईबापांनी ठेवलेली नावं नव्हेत. ती मालधक्क्यावरची. बाई वर, क्रेनच्या काचेच्या खोलीत. हे खाली, जमिनीवर, इशारे करायला. वरून बाईंना खालचं अर्धंच दिसे. जहाजाच्या पोटात काय चाललंय ते तर मुळीच दिसत नसे. तेव्हा बाईंचे डोळे म्हणजे खालच्यांचे हात. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, पंजा खाली दाबला की सोड, मूठ उघडझाप केली की हळू. धक्क्यावर इंजिनं, साखळ्या, भोंगे यांचा असा गदारोळ, की तोंडाने बोलण्यात अर्थच नव्हता. आणि खालच्यांचं तसंही तोंडाशी फारसं सख्य नव्हतं. चारचौघांत ते इतके गप्प बसत, की त्यांना पाहिलेला नवा माणूस हमखास त्यांच्या बायकोला हळूच विचारी, यांना ऐकू येत नाही का. हात मात्र विलक्षण बोलके. हातांनी ते चेष्टा करत, तक्रार करत, कुणाचीही नक्कल करत. माल हवेत असताना एक इशारा जास्त नाही, तिथे ते फार कडक होते. पण माल जमिनीला टेकला आणि पुढचा यायला वेळ असला, की खाली उभं राहून वरच्या बाईंना अख्ख्या धक्क्याच्या बातम्या देत.

लग्नाचंही असंच. एका दुपारी धक्का रिकामा असताना त्यांनी वर पाहिलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग बाईंकडे केलं, आणि दोन्ही हात डोक्यावर जोडून छप्पर केलं. बाईंनी मान डोलावली. पण तेवढ्या उंचीवरून मान डोलावलेली कुणाला दिसते? मग बाई शिडीची एकेक पायरी उतरून खाली आल्या, तर हे घाबरून उपाहारगृहात पळालेले. तिथे सगळ्यांच्या देखत बाईंना विचारावं लागलं, "अरे खालच्या, घर कुठे बांधायचं ते तरी सांग." लग्नानंतर चारचौघांत 'अरे'चं 'अहो' झालं, पण बाईंचा पारा चढला की जुनं 'अरे' परत येई.

घरातही हीच भाषा चाले. नाक चिमटीत धरलं की सासूबाई आल्यात, कारण त्या अंगभर बाम चोळून यायच्या. कानाची पाळी ओढली की शेजारीण दाराआड उभी आहे. पोटावर गोल हात फिरवला की डब्यात काय. त्यांची लेक बोलायला उशिरा शिकली, पण बाळ असल्यापासून 'हळू' आणि 'उचल' हे दोन इशारे तिला येत होते. आईबाप भांडत असले तरी घरात पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असे, आणि लेक पुस्तकातून डोकं वर काढून म्हणे, तुम्ही दोघं जरा कमी ओरडा, मला अभ्यास आहे.

मग खालच्यांचे हात थरथरू लागले. आधी उजवा, मागोमाग डावा. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, काहींना होतं, जिवाला काही नाही. गोळी दिली. तिने थोडं कमी झालं, गेलं मात्र नाही. पण ज्याचा हात हलतो त्याला इशारे करायला कोण उभं करणार? साहेबांनी त्यांना धक्क्यावरून काढून फाटकावरच्या चौकीत बसवलं. साहेबांचं चुकलं असं बाईही म्हणू शकल्या नाहीत, आणि तेच त्यांना जास्त लागलं. उरलेली नोकरी बाईंनी दुसऱ्याच माणसाच्या इशाऱ्यांवर केली. तो कामाला चोख होता, पण माल टेकला की शिट्टी मारत निघून जाई.

त्या दिवसापासून खालच्यांचे हात खिशात गेले ते गेलेच. निवृत्ती आली तरी बाहेर आले नाहीत. जेवायला, दाढीला, कामापुरते काय निघत तेवढेच. लोक म्हणत, काय शांत माणूस आहे हो. बाईंना त्या शांततेने जीव नकोसा झाला. तोंडाने ते विचारलं तेवढं सांगत: हो, नाही, मीठ कमी आहे. पण जो माणूस धक्क्यावर उभा राहून त्यांना खळखळून हसवत होता, तो घरातून गेला होता, आणि गेला म्हणून रडावं तर समोर बसून चहा पीत होता. बाईंनी लेकीला एकदाच सांगितलं, "मला तुझे बाबा परत हवेत." लेक चष्म्याच्या दुकानात कामाला. ती म्हणाली, आई, वयाप्रमाणे माणूस बदलतो. बाई म्हणाल्या, वय माझंही झालंय, मी नाही बदलले.

त्यातून हा मोटरहोमचा बेत निघाला. लेकीच्या मनात होतं, दोघांना आरामबसच्या सहलीला धाडावं, बसायचं, बघायचं, आयतं जेवायचं. बाईंनी हट्टच धरला, की नाही, मोठी गाडी पाहिजे, आत पलंग, शेगडी, सगळं असलेली, आणि ती मीच चालवणार. लेकीने डोक्याला हात लावला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं या वयात घर घेऊन कशाला फिरायचं? तिला काय ठाऊक बाईंच्या मनात काय शिजतंय ते. बाईंचं गणित साधं होतं: गाडी जेवढी मोठी तेवढी ती मागे घेताना पंचाईत, आणि गाडी मागे घ्यायची म्हटलं की खाली माणूस हवाच. एकदा का त्यांचे हात खिशातून बाहेर आले, की पुढचं पुढे. समुद्र, डोंगर, राष्ट्रीय उद्यान, हे सगळं त्या बेताला लावलेली झालर.

पण बेत आखावा माणसाने आणि तो पार पाडायला घ्यावा, की सगळं जग मदतीला धावून येतं आणि सगळं बिघडवतं. गाडीला मागे कॅमेरा निघाला. मागे घेताना समोरच्या पडद्यावर चित्र दिसे आणि गाडी टुकटुक आवाज करी. बाईंनी गाडी देणाऱ्याला विचारलं, हे काढता येतं का. तो म्हणाला, ताई, हे असल्याने लोक गाडी घेतात. पहिल्या मुक्कामी पोचल्या तर तिथली जागा अशी सोयीची, की एका बाजूने शिरा आणि दुसऱ्या बाजूने निघा, मागे घ्यायची गरजच नाही. दुसऱ्या मुक्कामी मागे घ्यावी लागणार होती, तर शेजारच्या तीन बिऱ्हाडांतले पुरुष खुर्च्यांवरून उठून आले आणि चारी बाजूंनी हात हलवू लागले. त्यातले दोन हात आडवे हलत होते. बाई जागच्या हलेनात. शेवटी त्यांनी कॅमेऱ्यात बघून गाडी लावली आणि सगळ्यांचे आभार मानले, तेही दात ओठ खात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी हळूच मागे जाऊन कॅमेऱ्याच्या डोळ्यावर चिकटपट्टी लावली. चहा घेऊन परत येतात तर खालचे फडक्याने तो कॅमेरा स्वच्छ पुसत होते. चिकटपट्टीची गोळी करून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली, हात खिशात घातले आणि म्हणाले, काहीतरी चिकटलं होतं.

असं असलं तरी प्रवास मात्र दृष्ट लागेल असा चालला होता, हे कबूल करायला हवं. उद्यानाच्या फाटकावर वनरक्षक बाईने नकाशा दिला, प्राण्यांना खायला घालू नका म्हणून बजावलं, आणि आत शिरल्यावर रस्ता एकदम दोन गोष्टींच्या मधे सापडला. एका हाताला डोंगर, त्यावर वरपर्यंत गर्द झाडी. दुसऱ्या हाताला थेट खाली समुद्र. वळण आलं की डोंगर दिसे, वळण सरलं की समुद्र. बाईंना उंचीची सवय, त्यांना काही वाटेना. उलट आपल्या काचेच्या खोलीत पुन्हा चढून बसल्यासारखं त्यांना झालं आणि त्या मोठमोठ्याने गाऊ लागल्या. बाईंचं गाणं ऐकायला काळीज लागतं. खालचे आयुष्यभर गोंगाटात काम केलेले असल्याने तग धरून होते.

एका ठिकाणी डोंगरावरून निघालेलं पाणी सरळ वाळूवर पडत होतं. बाई बूट काढून त्याखाली गेल्या आणि साडीसकट, म्हणजे अगदी अंबाड्यापर्यंत भिजून आल्या. मग गाडीतल्या इवल्याशा न्हाणीघरात कपडे बदलताना त्यांचं कोपर नळाला लागलं, नळ सुरू झाला आणि कोरडे कपडेही भिजले. खालचे बाहेर पायरीवर बसून हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत, असे ते हसत. ते हसणं बाईंनी दाराच्या फटीतून पाहिलं आणि त्यांना इतकं बरं वाटलं, की तिसरे कपडे शोधायला त्यांनी मुद्दाम वेळ लावला.

त्याच संध्याकाळी किनाऱ्यावरच्या खडकावर एक सील, पायांऐवजी वल्ही असलेलं समुद्री जनावर, येऊन पसरली. म्हातारी, जाडजूड, मिशाळ. खडकावरून तिला खाली यायचं होतं आणि येववत नव्हतं. ती पुढे सरके, वाकून बघे, मग पुन्हा मागे सरके. बाई म्हणाल्या, अहो, अगदी आपले साहेब उतरतायत जहाजाच्या शिडीवरून. खालच्यांच्या खांद्यात हालचाल झाली. उजवा हात खिशातून निम्मा बाहेर आला, बोटं 'हळू' म्हणायला वळली. तेवढ्यात बोटं थरथरली, खालच्यांनी खाली पाहिलं आणि हात परत आत गेला. सील आपली आपण धपकन पाण्यात पडली.

"असू दे की थरथर," बाई म्हणाल्या. "सीलला काय कळतंय?"

"हात दाखवून अवलक्षण कशाला," खालचे म्हणाले, आणि गाडीत जाऊन बटाटे सोलायला बसले.

बाई तिथेच खडकावर बसून राहिल्या. त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की आपण आलो ते उगीचच आलो. झालर छान आहे, पण झालरीच्या आत कापडच नाही.

परतीच्या दिवशी रस्ता उद्यानातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात अरुंद घाटातून जात होता. सकाळपासून समुद्रावरून धुकं वर चढत होतं. बाई दबकत दबकत चालवत होत्या. धुक्यात हात हलवणारेही कुणी दिसत नव्हते, तेवढाच फायदा. एका वळणावर समोर दोन पिवळे दिवे उगवले आणि त्यांच्यामागून प्रवाशांनी भरलेली एक बस. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. डाव्या अंगाला डोंगराचा कातळ, उजव्या अंगाला गुडघ्याएवढा दगडी कठडा, आणि कठड्यापलीकडे फक्त पांढरं. खाली समुद्राचा आवाज येत होता, म्हणून तो तिथे आहे एवढं कळत होतं.

बसच्या मागे मोटारींची रांग लागली होती, त्यामुळे बस मागे जाणं शक्य नव्हतं. बाईंच्या मागे कुणी नव्हतं. दोन वळणं मागे रस्ता जरा रुंद होता. तेव्हा मागे जायचं ते बाईंनीच, हे उघड होतं. बाईंनी मागचा गिअर टाकला. गाडी टुकटुक करू लागली, पण पडद्यावर नुसतं दूध. कॅमेऱ्यावर धुक्याचं पाणी साचलं होतं. पुसलं तरी पुन्हा साचणार, आणि पुसून दिसणार काय, तर धुकंच. आरशांत गाडीची बाजू आणि दोन हातांवरचा कठडा तेवढा दिसत होता.

बसमधून टोपी घातलेले एक गृहस्थ उतरले आणि मदतीला धावले. मोटरहोमच्या मागे उभं राहून त्यांनी सुरुवात केली: येऊ द्या, येऊ द्या, जरा डावीकडे, म्हणजे माझ्या डावीकडे, नाही नाही, तुमच्या. बोलता बोलता ते दोन्ही हात वाटेल तसे हलवत होते, आणि त्यातला एक हात सारखा आडवा. बाईंची गाडी वीतभर जाई आणि गचकन थांबे, वीतभर जाई आणि गचकन थांबे. मागचं चाक कठड्याला घासल्याचा आवाज झाला. बाईंनी इंजिन बंद केलं.

"अहो, तुम्ही उतरा," त्या म्हणाल्या.

"ते बघतायत ना मागे," खालचे म्हणाले.

"ते बोलतायत. मला बोलणं नको. मला हात हवेत."

खालचे समोरच्या बसकडे बघत राहिले. बसमधले सगळे प्रवासी काचेला नाक लावून यांच्याकडे बघत होते. मग खालचे बोलले, आणि गेल्या दोन वर्षांत एका दमात ते एवढं बोलले नव्हते. "खाली समुद्र आहे. माझा पंजा आपोआप हलतो, तुला 'थांब' वाटेल. बोट आपोआप वर जातं, तुला 'ये' वाटेल. धक्क्यावरून काढलं मला, ते उगीच नाही काढलं. माझ्या हाताने तुला काही झालं तर?"

बाईंचा पारा चढला. त्यांना खरं तर रडू येत होतं, पण बाईंच्या बाबतीत दोन्ही एकाच वाटेने येतं.

"अरे, अर्धं आयुष्य मी तुझ्या हातांकडे बघत काढलंय," त्या म्हणाल्या. "थरथर कुठली आणि तू कुठला, एवढं मला कळत नाही होय?"

खालच्यांनी सीटचा पट्टा सोडला. त्यांनी दार उघडलं. मोटरहोमची पायरी उंच, दांडी धरल्याशिवाय उतरता येत नाही, त्यामुळे उतरायचं म्हणजे हात बाहेर काढणं आलंच. टोपीवाल्या गृहस्थांना त्यांनी बाजूला व्हायला सांगितलं आणि ते मागे, आरशात दिसतील असे उभे राहिले. बाईंनी इंजिन सुरू केलं.

पहिला इशारा आला आणि बाईंना तो वाचता आला नाही. खरंच नाही आला. आरशात नुसतं काहीतरी थरथरताना दिसत होतं, छातीशी धरलेल्या दोन मुठी आणि त्यांतून हलणारी बोटं. आत्ता आपण केवढा तोरा मिरवला, आणि आता काय करायचं? त्या थांबल्या. आरशातल्या खालच्यांनाही कळलं. त्यांचे खांदे पडले आणि हात खिशाच्या दिशेने निघाले.

तेवढ्यात बाईंच्या लक्षात आलं, की ते कुजबुजतायत. हाताची लाज वाटून त्यांनी तो छातीशी लपवून धरला होता आणि इशारे केवढे, तर समोर टेबलाशी बसलेल्या माणसाला करावेत एवढे. असे इशारे त्यांनी धक्क्यावर कधीच केले नव्हते. तिथे ते खांद्यापासून हात उचलत, कारण वर उंचावर बसलेल्या बाईला दिसायला हवं.

बाईंनी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढून ओरडल्या, "काही ऐकू येत नाहीये. मोठ्याने बोल."

टोपीवाले गृहस्थ गोंधळले, कारण कुणीच काही बोललेलं नव्हतं. खालचे मात्र समजले. मग त्यांनी पाय जरा फाकले, पाठ ताठ केली आणि दोन्ही हात खांद्यापासून, पूर्ण, धुक्यात उघडले. थरथर होतीच. ती मनगटापासून पुढे होती, बोटांत होती. पण बोलत होता तो खांदा, आणि खांदा अजिबात थरथरत नव्हता. ये. अजून ये. हळू. शेपूट डोंगराकडे. हळू. बाईंनी बोटांकडे बघायचं सोडून दिलं आणि त्यांना सगळं लख्ख ऐकू येऊ लागलं. गाडी मागे सरकू लागली. कठडा आरशातून सावकाश पुढे जात होता. पहिलं वळण आलं. खालच्यांनी डावा हात लांबवून वळणाचा आकार हवेत काढून दाखवला आणि बाईंनी स्टिअरिंग तेवढंच वळवलं. दुसऱ्या वळणाआधी एकदा आडवा हात आला आणि गाडी जागच्या जागी खिळली. कठड्याचा एक दगड रस्त्यात पडला होता. खालच्यांनी तो पायाने ढकलला आणि पुन्हा हात उचलले. आता ते मागे मागे चालत होते, तोंड बाईंकडे, आणि पावलं अशी पडत होती की जणू धक्काच आहे. बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. स्टिअरिंगवरचे हात मोकळे नसल्याने त्यांनी ते वाहू दिलं.

रुंद जागा आली. शेवटचा इशारा झाला, गाडी डोंगराला चिकटून उभी राहिली. बाईंनी हातब्रेक ओढला. बस हळूहळू पुढे आली, तिला आता जायला मोकळी वाट होती. म्हणजे असायला हवी होती. कारण खालचे गाडीला वळसा घालून पुढे आले आणि रस्त्याच्या बरोबर मधे, बाईंच्या काचेसमोर उभे राहिले. त्यांचे हात अजून वरच होते.

मग ते बोलू लागले. आधी म्हणाले, काय ते ब्रेक मारतेस, माझं आतडं गळ्याशी आलं चार दिवस. मग त्या सीलची नक्कल केली, वाकून बघणारी, मागे सरकणारी, आणि बसमधले प्रवासी हसले. बाईंच्या गाण्याबद्दलही त्यांना काही म्हणायचं होतं, ते त्यांनी कान झाकून म्हटलं. मग हात जरा खाली आले आणि सावकाश झाले. त्यांनी हवेत चौकीची खिडकी काढून दाखवली. तिच्यात स्वतः बसले. लांबवर एक उंच क्रेन काढली. तिच्यात बाई काढल्या. रोज, ते म्हणाले, रोज दुपारी मी तिथून बघत होतो. तू खाली बघत होतीस. खाली मी नव्हतो. मग डबा उघडवत नव्हता. हे त्यांनी तोंडाने कधी सांगितलं नव्हतं, आणि तसेच परत आलेल्या भरल्या डब्यांवरून दोन वर्षं उगीच भांडणं झाली होती. बोटं थरथरत होती, शब्दांच्या कडा पुसट होत होत्या, पण त्यांनी एकही शब्द गाळला नाही, आणि बाईंनी एकही चुकवला नाही.

बसवाल्याने एकदा भोंगा वाजवला. मग खिडकी उघडून तो बाईंना म्हणाला, की ताई, वाट तर झाली, आता हे आजोबा रस्त्यात उभे राहून कसले इशारे करतायत, मी पुढे येऊ का मागे जाऊ?

वरच्या बाईंनी नवऱ्यावरची नजर न काढता त्याला सांगितलं, "जरा थांबा. आमचे हे बोलतायत."

बसवाल्याने इंजिन बंद केलं.